ओंडक्याखालची वस्ती

ओंडका मावशींनी उभ्या जन्मात कुणाची काडी चोरली नव्हती. शेजारणीची कढई चार दिवस जास्त घरात राहिली तर त्यांना चैन पडत नसे. आणि त्याच मावशी अलीकडे रोज सकाळी, फाटक उघडायच्या आधी, ओढ्याकाठी उकिडव्या बसून ओले दगड उचलायच्या, खालच्या गोगलगाई बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरायच्या आणि नुसतं पान हललं तरी दचकून मागे बघायच्या.

गोगलगाई चोरून बाई करते काय, असं तुमच्या मनात आलंच असेल. सांगते. पण आधी मावशी कोण ते ऐकून घ्या. नाहीतर तुम्ही त्यांना पहिल्याच ओळीत वाईट ठरवून मोकळे व्हाल. ठरवायचंच असेल तर निदान सगळं ऐकून ठरवा.

शहराच्या कडेला जंगलाचा एक तुकडा शिल्लक राहिला होता. त्यातून शाळेच्या मुलांसाठी एक पायवाट काढलेली होती. ‘निसर्ग शिक्षण वाट’ अशी फाटकावर पाटी, आत लाकडी खांबांवर थांब्यांचे आकडे. पहिल्या थांब्यावर उंच झाडं, मधली झाडं, झुडपं आणि जमिनीवरचा पाचोळा असे जंगलाचे मजले दाखवायचे. पुढे मुंग्यांची वाट, मग खाली ओढा. ओढ्यापासून चढण चढून वर आलं की कोरडा उंचवटा, आणि तिथे आडवा पडलेला एक जुना, सडका, जाडजूड ओंडका. त्यानंतर पक्ष्यांची ढोली बघायची आणि फिरून परत फाटक.

मावशी तिथे आल्या त्या तिकीट फाडायला. नवऱ्याचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान, मुलगा लांब नोकरीला, घरात दोघंच. दिवसभर भिंतींशी काय बोलायचं म्हणून ही नोकरी धरली. तेव्हा मुलांना वाट दाखवायला एक शिकलेला, हडकुळा तरुण होता. तो बोलायचा अगदी पुस्तकासारखं, आणि मुलं त्याच्यामागून जांभया देत चालायची. एके दिवशी तो दुसरी नोकरी लागली म्हणून न सांगता गेला. फाटकाशी शाळेची बस येऊन उभी, मुलांचा कलकलाट, बरोबरच्या बाईंचा जीव कासावीस. मावशींनी खिडकीला कडी घातली, पदर खोचला आणि म्हणाल्या, “चला, मी दाखवते. काय व्हायचं ते होईल.”

त्याचं बोलणं त्यांनी खिडकीतून इतक्यांदा ऐकलं होतं की पाठ झालं होतं. पण ऐन वेळी सगळं विसरलं. मग त्या आपल्या बोलीत बोलल्या. ओंडक्यापाशी येऊन त्यांनी मुलांना विचारलं, “हा मेलाय असं वाटतं ना तुम्हाला? अरे, उभा होता तेव्हा एकटा होता. आता पडलाय तर अख्खी वस्ती आलीय राहायला.” आणि दोन्ही हात घालून ओंडका कलता केला. खाली काय नव्हतं? अंगाची गुंडाळी करणारे वाणी किडे, पांढऱ्या अळ्या, गांडुळं, बुरशीचे दोरे, घाईघाईने अंधारात शिरणारी गोम. पोरं किंचाळली, मग वाकली, मग हटेनात. कोण लाकूड कुरतडतं, कोण कुरतडणाऱ्याला खातं, सगळ्यांनी मिळून झाडाची माती कशी होते आणि त्या मातीतून पुन्हा झाड कसं उठतं, हे मावशींनी असं सांगितलं जसं शेजारच्या घरातली भानगड सांगतायत. आणि शेवटी ओंडका हलक्या हाताने खाली ठेवत म्हणाल्या, “ज्याचं दार उघडलं, त्याचं लावून जायचं. ओल आतच राहिली पाहिजे, नाहीतर ही मंडळी मरतील.”

तिथून त्या ओंडका मावशी झाल्या. शाळांचे फोन येऊ लागले, त्याच मावशी हव्यात म्हणून. फाटकावरच्या पाटीवर ओंडक्याचं चित्र आलं. बाजारात भाजी घेताना एखादं पोर आईचा हात ओढून सांगायचं, “आई, ओंडका मावशी.” आणि आई वळून हसायची. मावशी काही अर्ध्या हळकुंडाने पिवळ्या होणाऱ्यांतल्या नव्हत्या, पण खोटं कशाला बोला, त्यांना ते आवडायचं. घरी नवरा त्यांना हाक मारून चहा मागायचा तेही त्याच नावाने. लग्नानंतर इतक्या वर्षांनी स्वतःचं असं एक नाव मिळालं होतं.

आणि मग तेच झालं ज्याची ताकीद त्या मुलांना द्यायच्या. आधी ओंडका आठवड्यातून एकदा हलायचा. पुढे रोज. पुढे एकेका दिवशी बसमागून बस, आणि प्रत्येक बसला आपल्या डोळ्यांनी वस्ती बघायची असायची. दार लावायचं म्हणायचं आणि तासाभरात पुन्हा उघडायचं. ओल उडाली. भोवतालची माती इतक्या पायांनी तुडवून फरशीसारखी घट्ट झाली. वाणी गेले, अळ्या गेल्या. मावशींना हे दिसत होतं. अडाणी असत्या तर गोष्ट वेगळी, पण ओल गेली की काय होतं हे त्याच तर सगळ्यांना सांगत होत्या. एखाद्या बसला “आज ओंडका बघायचा नाही” म्हणावं असं त्यांच्या मनात यायचं, पण मुलांचे चेहरे बघितले की तोंडातून शब्द फुटत नसे.

एका सकाळी अगदी लहान मुलांची शाळा आली. मावशींनी नेहमीसारखं सगळं रंगवून सांगितलं, ओंडका कलता केला, आणि खाली कोरडी माती. दोन मुंग्या काय त्या चालल्या होत्या. एक शेंबडं पोर वाकून वाकून बघत राहिलं आणि म्हणालं, “मावशी, इथे तर कोणीच राहत नाही.” मागे एक शिक्षिका दुसरीला म्हणाली, “एवढ्या उन्हात यासाठी आणलं होय आपल्याला.” ती हळूच म्हणाली, पण मावशींच्या कानांच्या पाळ्या तापल्या. बाकीची वाट त्यांनी कशी दाखवली ते त्यांचं त्यांना ठाऊक. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बिस्किटांचा डबा घेऊन ओढ्यावर गेल्या.

एकदाच, असं त्यांनी मनाला सांगितलं होतं. सगळे तसंच सांगतात.

गोगलगाईच का, तर गोम चावते, वाणी सरपटत निघून जातात, आणि गोगलगाय बिचारी ठेवली तिथे बसते. ओढ्याच्या ओल्या दगडांखाली त्या चपट्या, तपकिरी शंखाच्या गोगलगाई झुबक्याने असायच्या. मावशी त्या वर उंचवट्यावर आणून ओंडक्याखाली मांडायच्या, वर थोडा ओला पाचोळा. बस आली की ओंडका उचलायचा, मुलं “आहा” म्हणायची. पण ओढ्याचं जनावर कोरड्या उंचवट्यावर किती टिकणार? दोन दिवसांत मरायच्या. मग मावशी मेलेल्या वेचायच्या, मागच्या झुडपात मूठभर शंख भिरकावून द्यायच्या आणि सकाळी ताज्या आणायच्या. भिरकावताना त्या हाताकडे बघत नसत.

डबा कुठे गेला म्हणून नवऱ्याने विचारलं तेव्हा त्यांनी त्याला सांगून टाकलं. तो किल्ली घासत होता. मान वर न करता म्हणाला, “पोरांना मजा येते ना? मग झालं तर. माझ्या दुकानाच्या काचेत जी कुलपं चकचकीत करून टांगलीत, त्यातलं एक तरी उघडतं का? गिऱ्हाईक आत यायला काहीतरी टांगावं लागतं.” मावशींना तेवढ्याने बरं वाटलं. नवरा सहसा त्यांच्या बाजूने बोलायचा नाही, बोलला तेव्हा नेमका नको तिथे बोलला.

असं बरेच दिवस चाललं असतं. पण मग ती मुलगी आली.

ती विद्यापीठातून आली होती. कुजलेल्या लाकडात आणि पाचोळ्यात कोण कोण राहतं, यावर तिचा अभ्यास चालला होता. आल्या आल्या तिने मावशींचे दोन्ही हात धरले. “मावशी, मी लहानपणी शाळेबरोबर आले होते. तुमच्यामुळे मी या फंदात पडले. आता निस्तरा तुम्हीच.” मावशींना ती मुळीच आठवत नव्हती. इतकी पोरं येऊन गेली, कोणकोण आठवणार? पण त्यांनी तिला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, “विसरेन कशी?” फाटकावरचा पहारेकरी तिला पहिल्या दिवसापासून ‘डॉक्टरीणबाई’ म्हणायला लागला. ती म्हणायची, “अहो काका, डॉक्टर व्हायला अजून अवकाश आहे. आणि झाले तरी तुमचा गुडघा मला बरा करता येणार नाही.”

मुलगी गुणी होती. दिवसभर मातीत हात, डोक्याला टोपी नाही, पाठीवर पिशवी. दुपारी मावशींच्या खिडकीशी बसून डबा खायची आणि घरचं सगळं बोलायची. घरी वडील म्हणत होते, पुरे झालं शिक्षण. विद्यापीठात तिच्या बाई म्हणत होत्या, तुझ्या कामात अजून काही दम दिसत नाही. यंदा काही हाती लागलं तर पुढे, नाहीतर गाशा गुंडाळून घरी. “घरी गेले की संपलं, मावशी,” ती म्हणाली. “मग मी लोकांच्या कुंड्यांत गांडुळं मोजत बसेन.” ती हसली, पण मावशींनी तिच्या हातातला घास तसाच राहिलेला पाहिला.

मावशींनी त्या दिवसांत गोगलगाई ठेवणं थांबवायला हवं होतं. त्यांनाही ते कळत होतं. पण बसेस येतच होत्या, आणि एकदम थांबवलं तर पोरीच्या लक्षात येईल अशी धास्ती वाटत होती. पापाला असं पायात पाय अडकवणं बरोबर जमतं.

मुलीने एके दिवशी बस गेल्यावर ओंडका उचलला आणि तशीच बसून राहिली. मग तिने मावशींना हाक मारली. तिच्या तळहातावर ती चपटी गोगलगाय होती.

“मावशी, ही ओढ्यातली. ही इथे वर कशी?”

सांगायचं होतं तर तेव्हाच. एक वाक्य पुरलं असतं, थोडं हसं झालं असतं, मुलीने कपाळाला हात लावला असता, आणि विषय संपला असता. मावशी म्हणाल्या, “असतात बाई अशा कुठे कुठे.”

मग मुलीला मागच्या झुडपात रिकामे शंख सापडले. एक नाही, ओंजळी भरभरून. काही नवे, काही पांढरे पडलेले. ती धावत आली. “मावशी, जुनी वस्ती आहे. पिढ्यानपिढ्या राहतायत त्या इथे.” मग ती खाली ओढ्यावर गेली, दगड उलटे करून पाहिले, तर खाली गोगलगाई नाहीतच. कुठे एखादी. त्या संध्याकाळी ती मावशींसमोर उभी राहिली तेव्हा तिचे डोळे अगदी लख्ख झाले होते. तिने सगळं जुळवलं होतं. ओढा तापतोय, पाणी आटतंय, म्हणून ओढ्यातली गोगलगाय हळूहळू चढण चढून वर आलीय आणि मेलेल्या लाकडाच्या आसऱ्याने राहायला शिकलीय. “जंगल स्वतःची सोय लावतंय, मावशी. आणि ते तुमच्या ओंडक्याखाली चाललंय. बाईंना सांगितलं मी. त्या स्वतः बघायला येतायत.”

मावशींनी मारलेल्या गोगलगाई पिढ्यानपिढ्यांची वस्ती झाल्या होत्या, आणि मावशींनी लुटलेला ओढा पुरावा झाला होता. त्यांनी तोंडभर हसून “वा वा” म्हटलं, आणि आत जाऊन नळ सोडून उगाच हात धूत उभ्या राहिल्या.

सांगायचा प्रयत्न त्यांनी केला नाही असं नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्या म्हणाल्या, “तुला एक सांगायचं होतं गं.”

“सांगा ना.”

मुलगी कप खाली ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली. इतक्या विश्वासाने कुणी बघितलं की माणसाला बोलता येत नाही. मावशी म्हणाल्या, “टोपी घालत जा. ऊन बाधेल.”

मुलीने खरंच दुसऱ्या दिवशी टोपी आणली. मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

या खेपेला नवऱ्याला सगळं सांगितलं तेव्हा तो हसला नाही. त्याने हातातलं कुलूप बाजूला ठेवलं. “काचेत टांगलेलं कुलूप वेगळं,” तो म्हणाला, “आणि तेच कुणी आपल्या घराला लावायला घेऊन गेलं तर वेगळं. तिला सांग.”

“मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.”

“नाही राहणार,” तो म्हणाला. “पण आत्ता सांगितलंस तर तुझीच जाईल. बाई येऊन गेल्यावर तिची जाईल.”

मावशी त्या दिवशी जेवल्या नाहीत. ताटावर बसल्या आणि उठल्या. आणि मग त्यांना एक युक्ती सुचली. घाबरलेल्या माणसाला सुचते तशीच युक्ती होती ती. बाई येतील त्या दिवशी ओंडक्याखाली काहीच ठेवायचं नाही. बाई बघतील, म्हणतील, इथे तर काही नाही. मुलीला वाटेल आपलीच काही चूक झाली, ती तो विचार सोडून देईल, दुसरं काही शोधेल. कुणाला काही कळायला नको, बोलायला नको. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही. त्या सकाळी त्यांनी ओंडक्याखालच्या उरल्यासुरल्या जिवंत गोगलगाई डब्यात घातल्या आणि खाली नेऊन ओढ्याच्या दगडाखाली सोडल्या. परत चढण चढताना त्यांना चक्क हलकं वाटत होतं.

बाई आल्या. बारीक चणीच्या, पांढऱ्या आखूड केसांच्या, कमी बोलणाऱ्या. मुलगी त्यांच्यापुढे नुसती नाचत होती. ही झाडं, हा पाचोळा, हा ओढा, इथून त्या चढल्या असणार बघा. मावशी मागून चालत होत्या. मुलीनेच आग्रह केला होता, “मावशी हव्यातच. त्यांचाच तर ओंडका.”

उंचवट्यावर येऊन मुलीने ओंडका उचलला. खाली कोरडी माती.

तिने ओंडका आणखी वर उचलला. मग गुडघ्यांवर बसली, पाचोळा बोटांनी बाजूला केला. “परवा होत्या,” ती म्हणाली. “परवा मी स्वतः पाहिल्या. फोटो आहेत, बाई.”

“फोटो पाहिलेत मी,” बाई म्हणाल्या. “फोटोत गोगलगाई दिसतात. त्या आल्या कशा ते दिसत नाही.” मग ओंडक्याकडे बघत, “कुणी आणून ठेवल्या नाहीत, याची खात्री केली होतीस?”

“कोण आणून ठेवेल?”

बाईंनी नुसतं मुलीकडे बघितलं. मुलीला ते कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला.

“मी ठेवेन, बाई? मी?”

“मी तसं म्हटलेलं नाही,” बाई म्हणाल्या, अगदी तसंच म्हटल्यासारख्या आवाजात. “पण यंदा तुझ्यावर किती ताण होता ते मला माहीत आहे. माणसं अशा वेळी करतात.”

मावशींना वाटलं होतं की रिकामा ओंडका म्हणजे नुसता रिकामा ओंडका. त्याच्यामागे कुणाचं तरी नाव लागणार, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. स्वतःचं झाकायच्या नादात त्यांनी आळ थेट पोरीच्या अंगावर ढकलला होता.

मुलीने वळून बघितलं. “मावशी, तुम्ही सांगा ना यांना. तुम्ही रोज इथे असता.”

आणि मावशी काय म्हणाल्या? मला सांगायलाही लाज वाटते. त्या म्हणाल्या, “ऊन चढलंय. खाली मातीत गेल्या असतील.”

“हो,” मुलगी म्हणाली. “हो बाई, मावशी म्हणतायत ते बरोबर आहे. खाली जातात.” आणि ती उकरायला लागली. हातात काही नव्हतं, नुसत्या बोटांनी. माती फरशीसारखी. किती मुलांनी, किती वर्षं तुडवलेली. ती उकरत राहिली, मावशींच्या शब्दावर. अंगठ्याचं नख उलटलं, रक्त आलं, ते तिने मातीतच पुसलं आणि पुन्हा बोटं घातली. बाईंनी नजर दुसरीकडे वळवली.

“उकरू नकोस,” मावशी म्हणाल्या.

“सापडतील, मावशी.”

“नाही सापडणार. काही नाही तिथे. मी ठेवायचे.”

मुलगी उकरायची थांबली, पण उठली नाही. विचारलं ते बाईंनी. त्यांनी आवाज चढवला नाही, एकेक गोष्ट विचारत गेल्या. गोगलगाई कुठून आणायच्या? ओढ्यातून, दगडांखालून. मग ओढ्याचे दगड रिकामे झाले ते? माझ्यामुळे. आणि झुडपातले शंख? मेलेल्या. मीच टाकायचे. प्रत्येक उत्तराबरोबर मुलीच्या कामाचा एकेक खांब कोसळत होता आणि मावशींना तो कोसळताना दिसत होता. का करत होता, असंही बाईंनी विचारलं. मावशींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मुलं हिरमुसायची म्हणून, असं म्हणणार होत्या. पण आता तेही पुरतं खरं नाही हे त्यांना कळलं होतं. “मला लोक ओळखायला लागले होते,” त्या म्हणाल्या.

बाईंनी मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. “माझं चुकलं,” त्या म्हणाल्या. मुलीने मान हलवली, पण तिचं लक्ष तिकडे नव्हतं. ती मावशींकडे बघत होती. रागाने बघितलं असतं तर मावशींना सोसलं असतं.

“मी शाळेतून आले होते तेव्हा,” ती सावकाश म्हणाली, “तुम्ही ओंडका उचललात, आणि खाली एक गोम होती. पिवळसर अंड्यांभोवती विळखा घालून बसलेली. सगळ्या गोमा पळाल्या, ती पळाली नाही. तुम्ही म्हणालात, आई आहे, जाऊ दे, आणि लगेच ओंडका खाली ठेवलात. मी घरी जाऊन ते कितीतरी दिवस सगळ्यांना सांगत होते. त्याच्यासाठी मी एवढं शिकले. तीही तुम्हीच ठेवली होती का?”

मावशींना ती गोम आठवत होती. मुलगी आठवत नव्हती, पण गोम लख्ख आठवत होती, कारण तशी पुन्हा कधी दिसली नव्हती. त्या दिवसांत डबा नव्हता, चोरी नव्हती, माती मऊ होती आणि ओंडक्याखाली खरोखर वस्ती होती.

“नाही गं,” त्या म्हणाल्या. “ती खरी होती.”

मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला विश्वास ठेवायचा होता, हे दिसत होतं. ती शोधत होती, मघाशी मातीत शोधत होती तसंच. मावशींच्या जिभेवर शपथ आली. नवऱ्याची, मुलाची, कुणाचीही. पण आपल्या शपथेला आता काय किंमत, असं त्यांचं त्यांनाच वाटलं आणि त्यांनी ओठ मिटले.

“बरं,” मुलगी म्हणाली.

तिने ओंडका दोन्ही हातांनी धरून जसा होता तसा खाली बसवला, कडेने थोडा पाचोळा सारला आणि उठली. “चला बाई,” ती म्हणाली, “ओढ्यात काय शिल्लक राहिलंय ते बघू.” दोघी चढण उतरून खाली गेल्या. मावशींना कुणी चला म्हणालं नाही.